तळं, शेततळं आणि घरशाळा: पोहण्यातून सगळे विषय कसे शिकवावेत

पाच ते दहा वर्षांच्या, घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ही आखणी आहे. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये सूतकताई, शेती, स्वयंपाक अशा एखाद्या कामाभोवती भाषा, गणित, विज्ञान गुंफलं जाई. त्याला समवाय म्हणत. 1937 च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली ही रीत पोहण्याला छान लागू पडते, पण एका अटीवर. मूल खरोखर ज्या पाण्याजवळ राहतं, त्याच पाण्यापासून सुरुवात करायची. डॉल्फिनच्या चित्रात रंग भरून घेतले म्हणजे पोहण्याचा पाठ झाला असं नाही. भंडाऱ्याकडच्या लेकराचं पाणी म्हणजे माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातला), अकोल्याकडच्याचं शेततळं, चंद्रपूरकडच्याचं कदाचित बंद पडलेली गिट्टीखदान. प्रत्येक पाण्यातून गणित वेगळं निघतं, भूगोल वेगळा निघतो आणि धोकाही वेगळाच.

पहिला आठवडा: कोरड्या पायांनी

पहिल्या आठवड्यात पाण्यात उतरायचंच नाही. गावाच्या शिवारातलं सगळं पाणी मुलाला हात धरून दाखवा: विहिरी, बोडी (लहान तळं), तलाव, नाला, नहर (कालवा), शेततळं, रस्त्यासाठी मुरूम काढलेले खड्डे. घरी येऊन मोठ्या कागदावर नकाशा काढायचा. घर मध्यभागी, दिशा आधी ठरवलेल्या, अंतर पावलांत मोजलेलं. प्रत्येक पाण्यापुढे मुलाने, किंवा लिहिता येत नसेल तर त्याने सांगून तुम्ही, चार गोष्टी लिहायच्या: कड कशी आहे, तळ दिसतो का, आत काय आहे, हाक मारली तर कोण ऐकेल.

या चार प्रश्नांची उत्तरं देताना मोठ्यांनी कच्चेपणा ठेवू नये. मुलाला नेमकं कारण सांगा.

विहिरीत बुडीत मोटर असते. केबल कुठे सोललेली असली तर पाण्यात करंट उतरतो, म्हणून स्टार्टर बंद करून फ्यूज काढल्याशिवाय मोठ्यांनीही उतरू नये. वापरात नसलेल्या विहिरीत दूषित वायू साचलेला असू शकतो. वैनगंगा, वर्धा यांसारख्या नद्यांच्या रेतीघाटावर उपशाचे खड्डे पडतात. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात जातं. नहरेचं पाणी वरून सांगून सोडत नाहीत, आणि काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असतं. तलावाचं तुडूम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं तोंड, उघडं असताना आत खेचतं; त्या बाजूला पोहायचंच नाही. मुरुमाचे खड्डे पावसाळ्यात भरतात, पाणी गढूळ असल्याने खोली कळत नाही आणि कड ठिसूळ असते. "उथळ पाण्याला खळखळाट फार" ही म्हण इथेच शिकवा. तिचा उलटा अर्थ मुलाच्या जास्त कामाचा आहे: शांत दिसणारं पाणी खोल असू शकतं.

नकाशावर तीन रंग द्या. लाल म्हणजे कधीच नाही, पिवळा म्हणजे फक्त मोठ्यासोबत कडेवर, हिरवा म्हणजे मोठ्यासोबत पाण्यात. बहुतेक गावांत हिरवं पाणी एखादंच निघतं, कधी एकही नाही. नसेल तर ओढूनताणून काढू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडा संकुलाचा किंवा दुसरा तलाव असेल तर उन्हाळ्यात तिथे शिकवा, आणि बाकीचा अभ्यास गावातल्या पाण्यावर चालू द्या.

शेततळ्याचं गणित

प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेततळं पश्चिम विदर्भात सगळ्यांत फसवं पाणी. स्वच्छ दिसतं, भिंत तिरपी असते, त्यामुळे मुलाला वाटतं पाय टेकेल. इथे गणितच जीव वाचवतं, म्हणून या पाठाला चांगले दोन-तीन दिवस द्या.

15 × 15 × 3 मीटरचं शेततळं घ्या, बाजूंचा उतार एकास एक. म्हणजे कडेपासून एक मीटर आत गेलं की तळ एक मीटर खाली. चौकटीच्या वहीत दोन चौकटी म्हणजे एक मीटर असं प्रमाण धरून त्याचा उभा छेद काढा. मग मुलाची उंची भिंतीवर मोजा. सहा वर्षांचं मूल साधारण 115 सेंटिमीटर भरतं. त्याच प्रमाणात कागदाचं बाहुलं कापून छेदावर सरकवत न्या. दुसऱ्या मीटरच्या सुरुवातीलाच बाहुल्याचं डोकं पाण्याखाली जातं, आणि ते मुलाने स्वतः पाहिलेलं असतं. आता प्लास्टिकचा उरलेला तुकडा तिरप्या फळीवर ताणा, ओला करा, थोडा साबण लावा (शेवाळाच्या जागी) आणि मुलाला हाताने वर चढायला सांगा. हात घसरतो. पोहता येणारा माणूसही शेततळ्यातून बाहेर का येऊ शकत नाही, ते वेगळं समजवावं लागत नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुढे न्या. वरचं तोंड 15 × 15, तळ 9 × 9, मधल्या उंचीवर 12 × 12. तिन्ही क्षेत्रफळं काढायची: 225, 81, 144. मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचं, खोलीने गुणायचं. उत्तर 441 घनमीटर, म्हणजे 4,41,000 लिटर. 15 लिटरच्या 29,400 बादल्या. मुलं इथे हमखास वरच्या तोंडाचंच क्षेत्रफळ खोलीने गुणतात आणि 675 काढतात. चूक लगेच खोडू नका. ओल्या मातीचा छोटा नमुना करून त्यात पेल्याने पाणी भरू द्या.

तुमच्याच शेतात शेततळं असेल तर या पाठाचा शेवट कामात करा. चारही बाजूंना कुंपण, आणि प्रत्येक बाजूला कडेच्या खुंट्याला बांधून तळापर्यंत सोडलेली जाड दोरी. दोरीला दर 30 सेंटिमीटरवर गाठ. गाठी मोजायचं आणि अंतर मापायचं काम मुलाचं, बांधायचं तुमचं. दोरी उन्हाने कुजते, म्हणून दर वर्षी बदला.

पाण्यात उतरायची तयारी

पूर्व विदर्भात उथळ काठाचा तलाव असेल तर बांबूचं कुंपण घालून शिकवायची जागा करता येते. बांगलादेशात तळ्यांमध्ये अशाच बांबूच्या चौकटी उभारून लहान मुलांना पोहायला शिकवतात. आधी ग्रामपंचायतीला आणि तलाव ज्यांच्याकडे ठेक्याने असेल त्या मच्छीमार संस्थेला विचारा. परवानगीखेरीज दुसरा फायदा असा, की गाळ कुठे आहे, शिंगाड्याचे वेल कुठे आहेत, हे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, मंडळींइतकं कोणाला ठाऊक नसतं.

चौकट चार मीटर लांब, तीन मीटर रुंद पुरते. पाणी मुलाच्या बेंबी ते छातीपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाला साधारण 60 ते 70 सेंटिमीटर. खांब गाळाखालच्या घट्ट मातीत किमान अर्धा मीटर जावेत. नुसत्या गाळात रोवलेला खांब दोन दिवसांत कलतो. खांबांना बुरडाकडचे तट्टे बांधा. मासे धरायची नायलॉनची जाळी लावू नका, पाय अडकतो. तळाला बांबूची चटई, कडांना दगड. पेरं तासून घ्या, नाहीतर पायात कुसळं जातात. म्हशी बसतात ती बाजू, बेशरमीची झुडपं आणि हिरवा तवंग असलेली जागा सोडून द्या.

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, सकाळी सात ते नऊ. एका वेळी 20 ते 30 मिनिटं. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले की बाहेर. एका मुलामागे एक पोहता येणारा मोठा माणूस, आणि तोही हाताच्या अंतरावर. काठावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, आवाज न करता खाली जातं. पाऊस लागला की तलाव, नाला, नदी बंद.

कपडे घट्ट आणि आखूड. मुलींना फ्रॉक किंवा सलवार-कमीज घालून उतरवू नका. काट्यावर कोरडी सलवार आणि ओली सलवार तोलून दाखवली की वजाबाकीचा पाठ तिथेच होतो आणि हट्टही संपतो. मुलींना "मोठी झाल्यावर बघू" म्हणून थांबवतात आणि मग ते राहूनच जातं. पाचव्या-सहाव्या वर्षीच सुरू करा.

शिकवण्याचा क्रम असा:

1. तोंड पाण्यात घालून बुडबुडे. आधी घरी घमेल्यात, मग तळ्यात. एका वेळी पाच सेकंद, दहा वेळा. मूल श्वास कोंडून धरतं, सोडत नाही, ही इथली मुख्य अडचण. "हूं" असा आवाज पाण्यात काढायला सांगा, श्वास आपोआप सुटतो.
2. पाठीवर तरंगणं. तुमचा हात मानेखाली आणि कमरेखाली. कान पाण्यात गेले की मूल घाबरून डोकं उचलतं, आणि डोकं उचललं की पाय बुडतात. नजर वर झाडाच्या शेंड्यावर ठेवायला सांगा. दहा सेकंदांवरून हळूहळू तीस.
3. काठ ढकलून पोटावर सरळ घसरणं, दोन-तीन मीटर.
4. पाय मारणं. गुडघ्यातून सायकल मारली तर मूल जागीच राहतं. पाय मांडीपासून हलले पाहिजेत, घोटे सैल.
5. हात. कुत्र्यासारखं पोहणं आधी, शैली नंतर.
6. काठावरून पाण्यात पडणं, वळणं, काठ धरणं. पोहण्याच्या अंतरापेक्षा ही पायरी महत्त्वाची, कारण मुलं बहुधा पोहायला उतरून नाही, घसरून पडतात.

पाठीला बांधायचा सुका भोपळा किंवा रिकामा कॅन चालतो, पण तिसऱ्या पायरीनंतर काढा. ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून मूल खाली निसटतं, ती नकोच.

विज्ञान

सगळ्यांत आधी बाटली. एक लिटरची रिकामी बाटली झाकण लावून पाण्यात दाबायला द्या. किती जोराने वर येते ते हाताला कळतं. आता तिच्यात थोडी थोडी कोरडी रेती भरत जा आणि दर वेळी पाण्यात सोडा. ती जेव्हा जेमतेम बुडते, तेव्हा काट्यावर ठेवा. वजन एक किलोच्या जरा वर भरेल, कारण काठोकाठ बाटलीत लिटरपेक्षा थोडं जास्त मावतं. एक लिटर पाणी एक किलो. तेवढीच जागा अडवणारी वस्तू त्याहून जड झाली की बुडते. बाटलीत रेती भरण्याऐवजी बाहेरून दगड बांधला तर हिशोब फसतो: आपल्याकडचा काळा दगड पाण्यात तोलला तर हवेतल्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच भरतो, म्हणून बाटली दीड किलोच्या दगडालाही उचलून धरते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे कोडं मुद्दाम घाला.

मग संत्रं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, आत हवा असते, म्हणून सालासकट ते तरंगतं. सोललेलं संत्रं साधारणपणे बुडतं. बुडलं नाही तर फोडींच्या मधल्या पोकळीत हवा अडकली आहे. पाण्याखाली धरून हलकेच दाबा, बुडबुडे निघतील. इथून मुलाच्या फुप्फुसांकडे जाणं सोपं. पाण्यात पाठीवर असताना पूर्ण श्वास घेऊन छाती किती वर येते, श्वास सोडल्यावर किती खाली जाते, ते दुसऱ्या मुलाने काठावरून पाहायचं आणि सांगायचं.

अंड्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, पण प्रमाण चुकतं. 250 मिलिलिटर पाण्याला 30 ते 35 ग्रॅम मीठ लागतं, चिमूटभराने काही होत नाही. अंडं ताजं हवं. शिळं अंडं साध्या पाण्यातही तरंगतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातली मुलं विचारतील, "आपल्या विहिरीचं पाणी खारं आहे, मग आपण जास्त तरंगतो का?" त्यांना लिटरभर गोड पाण्यात दोन-तीन ग्रॅम मीठ घालून चाखायला द्या. खारट लागतं, पण अंडं तळालाच राहतं. लोणारच्या सरोवराचा विषय इथेच निघतो: खारं, अल्कधर्मी पाणी, बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर. ते अभयारण्य आहे, पोहायची जागा नव्हे.

जून-जुलैत पाण्याबाहेरचा अभ्यास. डबक्यातले बेडकाचे डिंभ पांढऱ्या वाटीत घेऊन दर दोन दिवसांनी चित्र काढायचं: मागचे पाय आधी, पुढचे नंतर, शेपूट शेवटी जाते. चित्रं झाली की त्याच डबक्यात सोडून द्या. बेडकाचा पाय आणि ब्रेस्टस्ट्रोकची लाथ शेजारी शेजारी काढली की शैली समजते. बोटं फाकवून आणि मग हातावर पिशवी चढवून बादलीत पाणी ढकलायला लावा. बदकाच्या पायातल्या पडद्याचं काम कळतं.

मुलाचं आकारमान, लिटरमध्ये

हा पाठ मुलांना सगळ्यांत जास्त आवडतो. 200 लिटरचा ड्रम अर्ध्याच्या वर भरा. मूल आत गळ्यापर्यंत बसलं की पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा, मग बाहेर काढा. आता लिटरच्या मापाने पाणी ओतत खुणेपर्यंत भरा आणि मोजा. 20 किलोच्या मुलाचे 17-18 लिटरच्या आसपास भरतील. डोकं बाहेर होतं, त्याचे दोन-तीन लिटर धरले की आकडा वजनाच्या जवळ येतो. म्हणजे माणूस पाण्याइतकाच जड, म्हणूनच तो जेमतेम तरंगतो. अंगाला आणि कपड्यांना लागून पाणी बाहेर जातं, म्हणून कपडे कमी आणि निथळायला अर्धा मिनिट थांबा. पाठ झाला की ड्रम रिकामा करून पालथा घाला. घरात रांगतं मूल असेल तर बादलीतलं चार बोटं पाणीही त्याला पुरतं.

तरंगण्याचे सेकंद रोज चौकटीच्या कागदावर एक उभा पट्टा रंगवून नोंदवा. पट्टे मधेच खाली येतात, मूल खट्टू होतं. त्या दिवशी पाणी गार होतं की झोप कमी झाली, तेही खाली लिहा. आलेखाखेरीज कारण शोधायची सवय लागते.

नाला कुठे जातो

भूगोलाला एकच प्रश्न पुरे: आपल्या नाल्यात कागदाची नाव सोडली तर ती कोणत्या समुद्राला लागेल? विदर्भात याची दोन उत्तरं आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी तापीतून अरबी समुद्राला जातं. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा यांचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात. वर्धा आणि तापी, दोन्हींचा उगम मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या परिसरात, तरी त्या उलट दिशांना गेल्या. अंगणात मातीचा उंचवटा करून दोन्ही बाजूंना पाणी ओता, मगच नकाशा उघडा.

इतिहास थोडक्यात, पण मापाने. पीक निघालेल्या शेतात चुन्याने मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाची रेघ मारा, सुमारे 12 × 7 मीटर. खोली होती सुमारे 2.4 मीटर. शेजारी 50 × 25 मीटरचा ऑलिंपिकचा तलाव. मुलाने दोन्हींभोवती धावून पाहायचं. मिहिर सेन यांनी 1958 मध्ये आणि आरती साहा यांनी 1959 मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. ती सर्वांत अरुंद ठिकाणी 33 किलोमीटर आहे. तुमच्या गावापासून तेवढ्या अंतरावरचं गाव नकाशावर शोधा. मुरलीकांत पेटकरांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं. अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांनी 2017 मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. त्यांना दिसत नाही. अंध पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं काठावरचा माणूस काठीच्या मऊ टोकाने टपली मारून सांगतो. अंगणात डोळे बांधून हा खेळ खेळता येतो.

भाषा, आणि फेकायची दोरी

भाषेत आजी-आजोबांची मुलाखत घ्या: पोहायला कुठे शिकलात, कशाच्या आधाराने, कोणी शिकवलं, कुठे उतरू देत नव्हते. उत्तरं ते जसे बोलतात तशीच लिहा, वऱ्हाडी असो की झाडीबोली. सुधारून लिहू नका. मोठ्या मुलाने नकाशावरच्या एका लाल पाण्यासाठी पाटी लिहायची. "सावधान" एवढ्याने भागत नाही. किती खोल, का धोक्याचं, आणि मदत कुठे, हे बारा शब्दांत बसवायला सांगा.

"बुडत्याला काडीचा आधार" ही म्हण पाठ करून घ्या, आणि लगेच काडी फेकायला शिकवा. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, कानाला 15 मीटर दोरी, आत पेलाभर पाणी म्हणजे वाऱ्याने उडत नाही, झाकण घट्ट. अंगणात पाच मीटरवर चुन्याचं वर्तुळ काढा, जमू लागलं की आठ मीटरवर. दोरीचं दुसरं टोक पायाखाली दाबून ठेवायचं. मुलं ते विसरतात आणि दोरीसकट कॅन फेकून बसतात. नेम माणसाच्या थोडा पलीकडे धरायचा आणि दोरी ओढत कॅन त्याच्याकडे आणायचा. क्रम तोंडपाठ हवा: ओरडा, फेका, उतरू नका. एक वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, हे गावोगाव घडतं.

मोठ्यांनी स्वतःसाठी तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं आरोग्य कर्मचाऱ्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. बुडालेल्याला उलटं टांगणं, पोट दाबणं, चाकावर फिरवणं यात फक्त वेळ जातो. 108 आणि 112 हे दोन आकडे, गावाचं नाव आणि जवळची खूण मुलाला फोनवर सांगता आली पाहिजे. खेळण्यातल्या फोनवर हा संवाद दर पंधरवड्याला घ्या. कॅन आणि दोरी घरात अडकवू नका. ती तळ्याकाठच्या झाडाला, मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर टांगलेली असावी, आणि ती जागा पहिल्या आठवड्यातल्या नकाशावर नोंदलेली असावी.